वहिनीला बाहेर बसवा

ये वं कौसे, अशी जवळ सरकून बस. किती दूर गेलीस ती! अठरा दिवस झाले, जाताना वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. अशी रीत असते का कुठं? चाळीस वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि निघताना वहिनीला काही सांगून जायचं नाही? तू म्हणशील, सांगायला माझ्याजवळ होतं काय. त्याचंच तर लिहायला बसले आहे. पण आधी घरात काय चाललं आहे ते ऐक.

येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी म्हणतो, "सुटली बिचारी." मला शिसारी आली आहे त्या शब्दाची. कशातून सुटलीस तू? तुला काय पाहिजे होतं ते यांच्यापैकी एकानं तरी कधी विचारलं? परवा मागच्या गल्लीतली ती जाडी बाई आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणते, "बोलता येत नव्हतं तिले, पण डोयानंच सारं सांगे वं माय!" मी तिला चहा दिला. द्यावा लागतो.

डोळ्यांनी सारं सांगता येतं म्हणे! डोळ्यांनी 'नको' सांगता येतं, 'दुखतं' सांगता येतं. एवढं गाईलाही येतं. डोळ्यांनी 'परवा' सांगून दाखवा म्हणावं. 'मागच्या वर्षीपेक्षा बरं आहे' सांगून दाखवा. 'वहिनी खोटं बोलते' हे सांगून दाखवा.

हे लिहिणं तुझ्यासाठी आहे, पण कागद कुणाच्याही हाती पडतो. म्हणून परक्या माणसासाठी दोन ओळी लिहिते, तू कंटाळू नको. कौसा म्हणजे माझी नणंद, आणि तिचे दादा म्हणजे माझे मालक. मी बारा-तेरा वर्षांची होऊन अकोल्याच्या जुन्या शहरात या घरात आले तेव्हा ती पाच वर्षांची होती. जन्मापासून तिची जीभ वळत नव्हती, मान एका बाजूला जायची, हात थरथरायचे. आवाज निघायचा, शब्द निघत नव्हता. लोक तिला मुकी म्हणायचे. जास्त शहाणे लोक येडी म्हणायचे. तिच्यासमोरच.

झालं. आता तुझं-माझं.

नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तो हिवाळा तुला आठवत असेल. तुझ्या दादांनी घरातले देव मोर्णा नदीत सोडले, आणि देव्हाऱ्यातली सागाची फळी तेवढी मागे राहिली. तुझी माय म्हणाली, "घाल चुलीत." तुझे दादा म्हणाले, "चुलीत काहून? इच्यावर अक्षरं काढतो. आता या घरातल्या बाईनं अंगठा लावाचा नाही." ती बाई म्हणजे मी. कचेरीच्या खुर्च्या रंगवून उरलेला निळा रंग त्यांनी आणला, फळी घासली आणि तिच्यावर सगळी अक्षरं काढली, काना-मात्रेसकट. रोज दिवेलागणीला माझी शाळा भरायची. शिपायाची नोकरी करून आलेला माणूस, पण मास्तर मोठा कडक.

"भ दाखव."

माझं बोट म वर जायचं. भ आणि म मला शेवटपर्यंत जुळे भाऊ वाटायचे.

"अवं, डोये हायेत का बटनं?"

त्या दिवशी माझं बोट पुन्हा म वर गेलं आणि शेजारून तुझी मूठ आली. दाणकन. भ वर.

"हात लागला तिचा," तुझे दादा म्हणाले.

मी म्हटलं, "थांबा हो जरा. कौसे, ध दाखव."

दाणकन.

"ज्ञ दाखव." तो तर मलाही माहीत नव्हता.

दाणकन!

तुझे दादा उठले आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले. तेव्हा तू पस्तिशी ओलांडली होतीस, कौसे. म्हणजे तीस वर्षं आम्ही तुझ्यासमोर तुझ्याबद्दल बोललो होतो. हिचं काही व्हायचं नाही, मायबाप गेल्यावर हिला कोण पाहील, देवानं लवकर नेलं तर बरं, सगळं. आणि तू बसून ऐकत होतीस, समजत होतीस.

तीन महिन्यांनी तू फळीवर पहिलं वाक्य लावलंस: "मले भरीत नाही आवडत." केवढे हसलो आपण! वांगी घरात आली की तू हात हलवायचीस, म्हणून वीस वर्षं मी हौसेनं निखाऱ्यावर वांगी भाजून तुला खाऊ घालत होते. तू 'नको, नको' म्हणत होतीस आणि मी तुझ्या माउलीला सांगत होते, पाहा कशी नाचते पोरगी भरीत पाहून.

तुझ्यामुळे मी शिकले, हे मात्र मी साऱ्यांना सांगते. तुझी मूठ भराभर फिरायची आणि मला मागे पळत वाचावं लागायचं. आज हा कागद लिहिते आहे तो त्या मुठीच्या मागे पळून पळूनच. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही.

पण फळीची एक गोष्ट होती. फळी एकटी बोलत नाही. तू मूठ मारणार, कुणीतरी बघत राहणार, अक्षरं जोडणार आणि तोंडानं म्हणून दाखवणार. ते कुणीतरी म्हणजे मीच. मी विहिरीवर गेले की तू मुकी. मी झोपले की तू मुकी. आणि माझ्याबद्दल काही म्हणायचं असलं, तर ते माझ्याच तोंडून.

मग तुझ्या दादांनी तो उद्योग केला. कचेरीत मराठी टायपाचं मशीन होतं. कारकुनाला विचारून एका रविवारी ते तुला घेऊन गेले. थरथरत्या हातानं एका वेळी तीन-तीन कळा दाबल्या जायच्या, म्हणून रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून आणला होता. प्रत्येक कळेवर येईल असं एक-एक भोक. मूठ पत्र्यावर टेकायची आणि बोट भोकातून खाली घालायचं. साधी गोष्ट. पत्रेवाल्यानं एका दुपारी करून दिली. तू तीन तास बसलीस. घामानं लुगडं भिजलं. संध्याकाळी कागद घरी आला, त्यावर एकच ओळ होती.

"वहिनी माझं सांगताना मधे आपलं टाकते."

मी म्हटलं, "हे शिकली का वं मशीनवर? चुगल्या?" तू इतकी हसलीस की खाटेवरून घसरलीस. मीही हसले. पण ते मला लागलं होतं. आज सांगते.

आपलं वाजलं ते तिथूनच. मी म्हणायची, मी तुझ्या भल्याचंच सांगते. दुकानदार भाव जास्त लावतो असं तू म्हणालीस, तर मी 'भाऊ, थोडं कमी करा ना' असं सांगते, त्यात वाईट काय? तू फळीवर मारायचीस: "मी भाऊ नाही म्हटलं." मी म्हणायची, चार लोकांत राहायचं आहे. तू मारायचीस: "मले नाही राहाचं." हा तंटा कधी मिटलाच नाही. तो तसाच घेऊन गेलीस.

कचेरीतलं मशीन रोज मिळणार नव्हतं. जुनं घ्यायचं म्हटलं तरी शिपायाच्या पगारात बसत नव्हतं. अमरावतीला एक समिती होती, पंगू माणसांना मदत करणारी. तिचं नाव लिहीत नाही, शाई वाया जाईल. ती कुबड्या द्यायची, चाकाची खुर्ची द्यायची, बायांना शिलाईचं मशीन द्यायची. तुझ्या दादांनी अर्ज केला. बोलावणं आलं, गरज समक्ष येऊन पटवून द्या.

फळी जुन्या लुगड्यात गुंडाळून आपण दोघी निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलताना तो तिकीटवाला म्हणाला, "काय बाई, घराचा दरवाजा काढून घेऊन चालल्या का?" तुला ते इतकं आवडलं की अमरावती येईपर्यंत तू खिदळत होतीस. चार दिवस तू काय सांगायचं ते मनाशी जुळवत होतीस. मला फळीवर दाखवलं नाहीस. मी विचारलं तर मान फिरवलीस.

खोलीत तिघं होते. मधे टोपीवाले अध्यक्ष, एका बाजूला चष्मा लावलेल्या एक बाई, आणि एक जण जो सारा वेळ कान कोरत होता.

अध्यक्ष म्हणाले, "टायपिंग मशीन? आमच्या यादीत नाही हो ते. शिलाईचं मागा, लगेच देतो."

"साहेब, हात थरथरतात तिचे," मी म्हटलं.

"मग टाईप कसं करणार?"

"भोकाचा पत्रा हाये ना."

"मग त्या पत्र्यानं शिवता नाही येणार?" असं म्हणून ते हसले. कान कोरणाराही हसला.

चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "तिला स्वतःला काय म्हणायचं आहे?" एवढं एकच वाक्य त्या खोलीत माणसासारखं बोललं गेलं.

तू फळी मांडीवर घेतलीस. नव्या जागी तुझे हात जास्तच थरथरायचे. पहिलं अक्षर व. मग हि. मग नी. मी आनंदले. म्हटलं, माझ्यापासून सुरुवात केली पोरीनं, चांगलं बोलते आहे माझ्याबद्दल. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. ला. बा. तुझी मूठ दोनदा चुकली, पुन्हा आलीस. हे. र. ब. स. वा.

वहिनीला बाहेर बसवा.

मी वाचलं. नीट वाचलं. भ आणि म चुकणारी मी, पण त्या दिवशी एक अक्षर चुकले नाही.

"काय म्हणते?" अध्यक्षांनी विचारलं.

आणि मी म्हटलं, "ते म्हणते, वहिनीले सारं मालूम हाये, तिलेच विचारा."

तू माझ्याकडे पाहिलंस. ती जाडी बाई म्हणते ना, डोळ्यांनी सारं सांगे, तर एवढं एकदा सांगितलंस खरं.

मग मी बोलले. काय बोलले, कौसे! तुझं लहानपण सांगितलं, भरिताचं सांगितलं, फळीचं सांगितलं. चष्म्याच्या बाईंनी डोळे पुसले. कान कोरणाऱ्यानं कान कोरणं थांबवलं. आयुष्यात कुणी माझं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. शेवटी अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी वहिनी असल्यावर हिला मशीन कशाला पाहिजे हो?"

आणि मी लाजले. भर सभेत कुणी गळ्यात हार घालावा तशी लाजले. तू मूठ फळीवरून उचललीस आणि मांडीत ठेवलीस.

पंधरा दिवसांनी कागद आला. "अर्जदाराचे म्हणणे तिच्या वहिनीमार्फत उत्तम प्रकारे समजते. सबब यंत्राची आवश्यकता सिद्ध होत नाही." तुझ्या दादांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "समजते तर दिलं काहून नाही?" त्यांना काय ठाऊक. त्यांना मी सांगितलंच नाही तू काय म्हणाली होतीस ते. आजवर कुणालाच सांगितलं नाही.

त्या समितीची मला किळस येते. पांगळ्याला विचारतात का, तुला उचलून न्यायला घरात भाऊ आहे ना, मग कुबडी कशाला? नाही विचारत. कुबडीनं माणूस चालताना दिसतो, टाळ्या वाजवता येतात. जिच्या तोंडात शब्द नाहीत तिला मात्र कुणा ना कुणाचं तोंड पुरतं. पण त्यांची किळस करून झाली की रात्र उरतेच, आणि मग माझी मलाच येते. खोलीत चौघं होतो तुझ्या वाईटावर, तिघं नव्हे.

घरी येऊन तू फळी भिंतीकडे तोंड करून ठेवलीस. नऊ दिवस. मी रडले, रुसले, तुला आवडतात म्हणून शेंगदाण्याची पोळी केली. ती खाल्लीस, पण फळीला हात लावला नाहीस. दहाव्या दिवशी फळी फिरवलीस आणि दाखवलंस: "मीठ." भाजीत मीठ नव्हतं. मला वाटलं, मिटलं सारं. किती सोयीनं वाटतं आपल्याला!

दोन वर्षांनी तुझे दादा म्हणाले, पुन्हा अर्ज करू. मी म्हटलं, पुढच्या वर्षी करू, सध्या तिची तब्येत नरम आहे. मग पुन्हा पुढच्या वर्षी. खरं सांगू? तुझी जीभ होणं मला आवडत होतं. लोक मला विचारायचे, काय म्हणते हो कौसा? मी सांगायची. मशीन आलं असतं तर कुणी कशाला विचारलं असतं मला? मी आपली पोळ्या लाटत बसले असते आणि तू तिकडे खटखट करून माझ्या चुगल्या लिहिल्या असत्या. लिहायच्या होत्यास वं. लिहू द्यायच्या होत्या मी.

तुला ताप चढला त्या सकाळी घाईघाईत दवाखान्यात नेलं आणि फळी घरीच राहिली. मीच विसरले. तू खाटेवर पडल्या पडल्या घोंगडीवर मूठ हलवू लागलीस. इकडे, तिकडे, वर, खाली. अक्षरं घरी, भिंतीला टेकलेली, आणि तू नुसत्या घोंगडीवर बोलत होतीस. नर्सबाईनं विचारलं, "काय म्हणतात?" सवयीनं माझं तोंड उघडलं होतं. पाणी मागते, म्हणणार होते. चादर पाहिजे, म्हणणार होते. मग मी म्हटलं, "मले मालूम नाही." तुझी मूठ एक क्षण थांबली. मग पुन्हा चालू झाली. तुझे दादा फळी आणायला धावले. ते आले तेव्हा तुझे डोळे मिटले होते.

काय म्हणत होतीस ते मी ओळखायचा प्रयत्न करत नाही. मोह होतो. लोकांना सांगावं, शेवटी वहिनीचं नाव घेतलं हो तिनं. तुझी शपथ, एकाही माणसाला सांगितलं नाही.

आता आजचं. मागच्या आठवड्यात बार्शीटाकळीहून एक नवरा-बायको आले. बाई शाळेत मास्तरीण होत्या. लकवा मारला आणि वाचा गेली, उजवा हातही गेला. त्याच समितीकडे त्यांना मशीनसाठी अर्ज करायचा आहे, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं, त्या जुन्या शहरातल्या बाईला विचारा. नवरा भला माणूस आहे. पण बायकोकडे न पाहताच बोलतो. "हिला तसं काही लागत नाही हो. मला सगळं कळतं हिचं. लोक म्हणतात म्हणून अर्ज करायचा." अगदी माझ्यासारखा. मी म्हटलं, "भाऊ, कोपऱ्यावरून जरा दूध आणता का? चहा टाकते." तो गेला. मी तुझी फळी बाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी डाव्या हाताचं बोट फिरवलं. काय दाखवलं ते इथं लिहीत नाही. ते त्यांचं आहे. पण तो दूध घेऊन येईपर्यंत त्यांनी बोट थांबवलं नाही.

सुनावणीला नवराच बोलेल. छान बोलेल, चष्म्याच्या बाई डोळे पुसतील, आणि 'सबब' लिहून कागद परत येईल. म्हणून मी अर्जाला माझा एक कागद जोडते आहे. त्यात लिहिलं आहे की गरज विचारता ना, तर ऐका. माणसाला आपल्या माणसाच्या विरुद्ध बोलता आलं पाहिजे, आणि तेही त्या आपल्या माणसाच्याच तोंडून नाही. मी कौसाच्या वतीनं तुमच्यासमोर बोलले तेव्हा खोटं बोलले. तिनं मला बाहेर बसवा म्हटलं होतं. मी ते गिळलं आणि तुम्ही माझं कौतुक केलंत. त्यांना राग येईल. तुझे दादा वाचतील तेव्हा काय म्हणतील कोण जाणे. म्हणू देत. मास्तरीणबाईंना मशीन मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तर निदान 'समजते' असं लिहिताना समितीवाल्यांचा हात अडखळला पाहिजे.

फक्त एक राहिलं आहे, कौसे. मी सही केलेली नाही. तुझं म्हणणं पुन्हा मीच सांगते आहे, तुला न विचारता. तू ते समितीला म्हणाली होतीस, सगळ्या वऱ्हाडाला नाही. तेव्हा एकदा ये. दुपारची ये, घरात मी एकटीच असते. कागद वाच. नको म्हणालीस तर फाडीन, बाईंसाठी दुसरं काही लिहीन, तुझ्यावर रुसणार नाही. पण सोमवारी टपालात टाकायचा आहे. त्याच्या आत ये वं. लवकर येजो.